सोडून आलेल्यांची साक्ष

आज १९ जानेवारी. १९९० साली याच दिवशी पुण्यात, कोरेगाव पार्कमधल्या आश्रमात रजनीशांचे निधन झाले. ओशो हे नाव त्यांनी आयुष्याच्या अगदी अखेरीस घेतले होते. पार्थिव थोडा वेळ बुद्ध हॉलमध्ये ठेवून त्याच संध्याकाळी नदीकाठच्या घाटावर अग्नी दिला गेला आणि संन्यासी गात, नाचत सोबत गेले. आज त्यांच्या समाधीपाशी माणसे येतील. गळ्यात माळ घालून आत जाऊ द्यायचे की नाही, आश्रमाची जमीन विकायची की नाही, यावरून त्यांच्या शिष्यांमध्येच काही वर्षांपासून भांडण पेटलेले आहे. २०२३ मध्ये तर फाटकावर पोलीस येण्यापर्यंत मजल गेली. या भांडणाच्या बातम्या होतात. स्मृतिदिनाच्या निमित्ताने जुनी छायाचित्रे, जुन्या प्रवचनांच्या आठवणी, सिनेमातल्या एखाद्या नामवंताने घेतलेला संन्यास, हेही छापून येते.

जे आज येणार नाहीत, त्यांच्याविषयी मात्र आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही. ज्यांनी माळ घातली, नाव बदलले, नोकरी-घर सोडले, वर्षानुवर्षे त्या आवारात झाडू मारला, भांडी घासली, गुरूच्या एका नजरेसाठी तासन्‌तास रांगेत बसले आणि एक दिवस बाहेर पडले, अशी माणसे जगभर आहेत. त्यांतली काही पुण्यातच राहिली. बाहेर पडल्यानंतर धर्माकडे, श्रद्धेकडे, गुरू या कल्पनेकडेच त्यांना पहिल्यासारखे पाहता आले नाही. हा अग्रलेख त्यांच्याविषयी आहे. त्यांच्या शंकेला आपण आजवर जी वागणूक दिली ती चुकीची होती, असे आम्हाला वाटते.

मार्च १९७४ मध्ये रजनीश मुंबईहून पुण्यात आले. वडाच्या सावलीतल्या शांत बंगल्यांचा तो भाग पाहता पाहता भगव्या कपड्यांनी भरून गेला. माळेत १०८ मणी आणि खाली पदकात गुरूचे छायाचित्र. पुणेकरांनी नाके मुरडली, कुतूहलाने चकरा मारल्या, खोल्या भाड्याने दिल्या आणि ‘ते गोऱ्यांचे काहीतरी आहे’ म्हणून विषय मिटवला. आत काय चालते याची चर्चा व्हायची ती फक्त स्त्री-पुरुष संबंधांच्या अंगाने. त्या चर्चेच्या गदारोळात एक साधी गोष्ट नजरेतून सुटली. प्रवचनाला आत सोडण्यापूर्वी दारावर उभे असलेले संन्यासी प्रत्येकाचे केस हुंगून पाहत. गुरूला वासाची ॲलर्जी होती. शाम्पूचा, तेलाचा, साबणाचा वास आला की माणूस बाजूला काढला जाई. आदल्या रात्री बिनवासाच्या साबणाने दोन-दोनदा डोके धुऊन आलेला पन्नाशीचा डॉक्टर किंवा प्राध्यापक मान खाली घालून उभा आहे, विशीतली एखादी मुलगी त्याच्या टाळूवर नाक टेकवते आहे आणि आत जायला मिळणार की नाही या धास्तीने त्याच्या छातीत धडधडते आहे. त्याच दारावर पादत्राणे आणि बुद्धी बाहेर ठेवण्याची सूचना होती, असे तेव्हाचे अनेक जण सांगतात. वासाचा नियम निरुपद्रवी होता, कदाचित आवश्यकही असेल. पण माणूस रोज सकाळी आपल्या योग्यतेचा निवाडा दुसऱ्याच्या नाकावर सोपवू लागला की पुढचे निवाडे सोपवायला त्याला फार दिवस लागत नाहीत.

आणि ही माणसे अडाणी नव्हती. महाराष्ट्रात भोंदूगिरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लिंबू-मिरची, अंगारे-धुपारे, अंगात येणे आणि खेड्यातली गरीब बाई येते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुशिक्षितांच्या अंधश्रद्धेकडे पुन्हा पुन्हा बोट दाखवले, तरी ती प्रतिमा आपल्या मनातून जात नाही. कोरेगाव पार्कात आलेल्यांत मानसोपचारतज्ज्ञ होते, वकील होते, पत्रकार होते, चर्चच्या जाचाला विटून बाहेर पडलेले कॅथलिक होते. बरेचसे एका धर्माच्या दडपणातून सुटण्यासाठीच आले होते. रजनीश त्यांना सांगत की सगळे धर्म ढोंगी आहेत, पुरोहित दलाल आहेत, कशावरही विश्वास ठेवू नका, स्वतः अनुभवा. यापेक्षा मोकळे आमंत्रण कोणते? चर्चला प्रश्न विचारणाऱ्या, मंदिरावर शंका घेणाऱ्या माणसाला इथे पहिल्यांदा शाबासकी मिळाली.

फक्त एका जागी प्रश्न चालत नसे. गुरूविषयी, त्याच्या भोवतीच्या व्यवस्थेविषयी शंका आली तर ती शंका मानली जात नसे, तो अहंकार ठरे. नकार हा मनाचा अडथळा. थकवा ही शरणागतीतली कसर. गटचिकित्सेच्या सत्रांत हाणामारी झाली, हाडे मोडली, लैंगिक जबरदस्ती झाली, तरी तक्रार करणाऱ्याला आधी स्वतःच्या आत डोकावायला सांगितले जाई. वोल्फगांग डोब्रोवोल्नी या जर्मन दिग्दर्शकाच्या माहितीपटात त्या बंद खोल्यांतली दृश्ये जगाने पाहिली. १९७९ मध्ये अशा सत्रांतली हिंसा थांबवल्याचे आश्रमाने जाहीर केले. म्हणजे तोवर ती चालू होती. जुन्या धर्मांत बंडखोराला निदान एवढे तरी कळते की आपण प्रश्न विचारतो आहोत आणि ते आपल्याला गप्प बसवत आहेत. इथे प्रश्न विचारणे हाच पंथ होता. त्यामुळे बाहेर पडणाऱ्याच्या हाती स्वतःचे असे काहीच उरत नसे, शंकासुद्धा नाही. तिच्यावरही गुरूचाच शिक्का. सोडून आलेल्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला तो आपला प्रश्न पुन्हा आपला करून घ्यायला.

१९८१ च्या जूनमध्ये रजनीश अमेरिकेला गेले. ओरेगन राज्यात ६४,००० एकरांच्या माळरानावर रजनीशपुरम उभे राहिले. तिथली कथा पुष्कळांनी माहितीपटांतून पाहिली आहे. ९३ रोल्स रॉइस गाड्या सगळ्यांच्या लक्षात आहेत. आम्हाला त्यापेक्षा तिथला दिनक्रम बोलका वाटतो. तिथे कामाला काम म्हणत नसत, उपासना म्हणत. रस्ते खणणे, स्वयंपाक, नळजोडणी, हिशेब, सगळी उपासना. दिवसाला बारा-बारा तास आणि त्याहून जास्त, आठवड्याचे सातही दिवस. उपासनेला सुट्टी कशी मागणार? पगार कसा मागणार? आणि सकाळी कामाला लागण्यापूर्वी सगळे जण गुडघे टेकून, गुरूच्या दिशेने वाकून ‘बुद्धं शरणं गच्छामि’ म्हणत.

हे वाचताना मराठी वाचकाला थांबावेच लागेल. याच शब्दांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसांनी एक धर्म सोडला होता. येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, त्यानंतर त्यांनी २१ वर्षे घेतली. वाचले, वाद घातले, एकेका धर्माची उलटतपासणी केली. ज्या धम्माकडे ते गेले तिथेही चिकित्सेचा हक्क सोडला नाही. परंपरेतल्या ज्या गोष्टी बुद्धाच्या विचाराशी विसंगत वाटल्या त्या त्यांनी आपल्या ग्रंथात बाजूला सारल्या. शरण जाण्याचे तेच तीन घोष एका ठिकाणी माणसाला ताठ उभे करतात आणि दुसऱ्या ठिकाणी वाकवतात. घोषात दोष नाही. शरण गेल्यावर परत यायची वाट मोकळी आहे की नाही, एवढाच फरक आहे.

रजनीशपुरममध्ये ती वाट दिवसेंदिवस अरुंद होत गेली. गुरू मौनात गेले होते, त्यांच्या नावाने त्यांच्या सचिव मा आनंद शीला बोलत. खोल्यांतून, फोनमधून चोरून ऐकण्याची यंत्रणा बसवली गेली. १९८४ मध्ये जवळच्या द डॅल्स गावातल्या उपाहारगृहांत सॅलडवर साल्मोनेलाचे जंतू टाकण्यात आले. ७५१ माणसे आजारी पडली. जिल्ह्याची निवडणूक जिंकण्यासाठी केलेला तो प्रयोग होता. ज्यांनी हे केले ते मूठभर होते. बाकीचे हजारो जण त्या वेळी रस्ते खणत होते, मुळे-भाज्या लावत होते आणि आपण नवा माणूस घडवतो आहोत असे मनापासून मानत होते. सप्टेंबर १९८५ मध्ये शीला पळून गेल्या. मग रजनीशांनी सांगितले की आपल्या नावाचा धर्म मुळात आपला नव्हताच, तो शीलांनीच उभा केला. ‘रजनीशीझम’ची पुस्तके जाळा. पुस्तके जाळली गेली. भगवे कपडे आणि माळ यांचीही सक्ती उठली.

त्या दिवशी होळीभोवती उभ्या असलेल्या माणसाच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे. त्याने आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षे त्या पुस्तकाला दिली. रोज सकाळी त्यातले घोष म्हटले. घर विकून पैसे दिले. आज तोच गुरू सांगतो की हा धर्म नव्हताच. आणि हेही त्याने आज्ञा म्हणूनच पाळायचे! तिथे काही जण टाळ्या वाजवत नाचले, काही जण त्या रात्री सामान बांधायला लागले. सोडून आलेल्या अनेकांच्या मनात धर्माविषयीच्या शंकेने मूळ धरले ते इथे. देव आहे की नाही हा त्यांचा प्रश्नच नव्हता. इतकी वर्षे मी ज्याला माझा अनुभव समजलो, त्यात माझे किती होते आणि मला दिलेले किती होते, हा होता.

स्कॉटलंडचा ह्यू मिल्न १९७३ पासून रजनीशांजवळ होता. शिवमूर्ती हे नाव घेऊन त्याने गुरूचा अंगरक्षक म्हणून काम केले, १९८२ मध्ये तो बाहेर पडला आणि १९८६ मध्ये त्याचे ‘भगवान : द गॉड दॅट फेल्ड’ हे पुस्तक आले. सत्य भारती ही अमेरिकन लेखिका सुरुवातीच्या काळात रजनीशांच्या पुस्तकांवर काम करणाऱ्यांतली. तिचे ‘द प्रॉमिस ऑफ पॅरडाइस’ १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. आत राहिलेल्यांनी अशा लिखाणाला काय म्हणावे? दुखावलेला अहंकार, सूड, पैशासाठी लिहिलेली बदनामी. बाहेरच्यांनी काय म्हणावे? ‘मग गेलातच कशाला?’ म्हणजे एका बाजूला गद्दार आणि दुसऱ्या बाजूला मूर्ख. दोन्हीकडचे लोक एका बाबतीत एकमताचे असतात. या माणसाला जे दिसले आहे ते ऐकून घेण्याची गरज कुणालाच वाटत नाही.

या साक्षीतला सगळ्यात जड भाग मुलांचा आहे. मोठ्यांनी निदान माळ स्वतःच्या हाताने घातली होती. मुलांना कुणी विचारले? कुटुंबव्यवस्था कालबाह्य झाली आहे, मुले आईबापांची नव्हेत, कम्यूनची आहेत, अशी शिकवण होती. टिम गेस्ट हा इंग्लंडमधला मुलगा आईबरोबर या पंथात आला. सफकमधले मदिना, पुणे, ओरेगन, कोलोन अशा आश्रमांतून त्याचे बालपण गेले. मुलांना राहायला वेगळ्या जागा असत. आई त्याच आवारात असे, पण ती ‘उपासनेत’ असे. त्याचे ‘माय लाइफ इन ऑरेंज’ हे पुस्तक २००४ मध्ये आले; पाच वर्षांनी तो वारला. २००४ मध्येच मारूशा पेरिझोनियस या डच दिग्दर्शिकेने आपल्या अशाच बालपणावर माहितीपट केला आणि पुढे २०२४ मध्ये ‘चिल्ड्रेन ऑफ द कल्ट’ या माहितीपटातून तिने आणि तिच्यासारख्या इतर स्त्रियांनी, आपण अल्पवयीन असताना या आश्रमांत मोठ्या पुरुषांनी आपले लैंगिक शोषण केल्याचे उघड सांगितले. मुक्ततेच्या नावाखाली हे घडत होते आणि भोवतालच्या मोठ्यांना त्यात वावगे दिसत नव्हते, असे त्या सांगतात.

पुण्यात यावर फार बोलले गेले नाही. आम्हाला ही गोष्ट बोचते. यांपैकी काही मुलांच्या बालपणाचे रस्ते कोरेगाव पार्कातले आहेत. त्यांच्या आठवणींत आपल्या गल्ल्या आहेत, आपली वडाची झाडे आहेत, आपल्या रिक्षा आहेत. भगव्या कपड्यांतली उघडी-वाघडी पोरे रस्त्यावर हिंडताना या शहराने पाहिली आणि ती परदेशी आहेत म्हणून तो प्रश्न आपला मानला नाही. शेजारच्या घरातल्या पोराला कुणी मारले तर ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणणारी जी सवय, तिचेच हे मोठे रूप होते.

अशा संस्थेतून बाहेर पडलेल्या माणसाविषयी आपल्याकडे ठरलेले वाक्य आहे: दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. म्हणजे त्याचा संशय ही भाजल्याची खूण. समजून घ्यावी, पण फार मनावर घेऊ नये. आम्हाला हे मान्य नाही. ज्याचे तोंड पोळले आहे त्याला दूध कसे तापवतात हेही माहीत असते, आणि ते बाकीच्यांना माहीत नसते. आपलेपणा कसा लावला जातो, कधी अचानक काढून घेतला जातो, अपराधीपणाची फोडणी कुठे पडते, ‘सेवा’ म्हणता म्हणता पगार कसा सुटतो, आईला फोन करायलाही परवानगी मागावीशी कशी वाटू लागते, हे त्याला पायरीपायरीने ठाऊक असते. धर्माच्या अभ्यासकाला ते ग्रंथांत सापडणार नाही.

ही गोष्ट फक्त रजनीशांच्या संन्याशांची नाही. आज महाराष्ट्रातल्या शहरांत, अगदी सोसायट्यांच्या क्लब हाउसमध्ये, गुरूंची, माताजींची, प्रार्थनागटांची, ध्यानाच्या वर्गांची मंडळे भरतात. बहुतेक निरुपद्रवी असतात आणि एकट्या पडलेल्या माणसांना खरोखर आधार देतात, हे आम्ही नाकारत नाही. काही मात्र हळूहळू आवळत जातात. आमच्या परिचयातल्या एका बाईंनी ऐन तारुण्यात अशा एका मंडळात प्रवेश केला आणि केस पिकल्यावर तो सोडला. मुलाचे कॉलेज, मुलीचे लग्न, सुनेचे बाळंतपण, सगळे वरून विचारून झालेले. सोडल्यानंतरची एक गोष्ट त्या सांगतात. मंडईत भाजी घ्यायला गेल्या. वांगी चांगली होती. हात पुढे केला आणि थबकला. मंडळात वांगे वर्ज्य होते. आता ते वर्ज्य नव्हते, रागवायला कुणी नव्हते, तरी हात पुढे जाईना. भाजीवाली विचारतेय, ‘काकू, देऊ का अर्धा किलो?’ आणि यांना उत्तर सुचत नाही. शेवटी त्यांनी वांगी घेतली, घरी आणून भरली वांगी केली आणि जेवताना रडल्या. त्यांना आता देवळात जावेसे वाटत नाही. गणपतीत आरतीला उभ्या राहतात, पण ओठ हलत नाहीत. घरचे म्हणतात, ‘त्या लोकांनी फसवले, त्यात देवाचा काय दोष?’ बाईंना हे पटत नाही आणि का पटत नाही हे त्यांना सांगताही येत नाही. त्यांचा एवढाच मुद्दा आहे की मंडळात शिरताना त्यांच्याजवळ जी श्रद्धा होती, लहानपणापासून घरात जी शिकवली होती, तिच्याच बळावर त्यांना आत ओढता आले. गुरूपुढे प्रश्न करू नये, हे मंडळाने शिकवले नव्हते. ते आधीच शिकवून झाले होते.

या मुद्द्याला श्रद्धावंतांनी उत्तर द्यायला हवे. ‘खरा धर्म तसा नाही’ हे उत्तर पुरेसे नाही. खरा धर्म तसा नसेल, तर तसे करणाऱ्यांना त्याचे शब्द, त्याचे संस्कार आणि त्याची माणसे इतक्या सहज का वापरता येतात?

विवेकवाद्यांनाही आमचे एक सांगणे आहे. सोडून आलेल्या माणसाने लगेच नास्तिक व्हावे, व्यासपीठावर येऊन भांडाफोड करावी, अशी अपेक्षा ठेवली जाते. एका फलकाखालून निघालेल्याला श्वास घ्यायच्या आत दुसरा फलक हाती दिला जातो. त्याला काही काळ कशावरच विश्वास नको असेल. एखादा अभंग कानावर पडल्यावर अजूनही डोळ्यांत पाणी येत असेल आणि त्याचाच संतापही येत असेल. ध्यानाने पूर्वी जी शांतता मिळाली ती खरी होती असेही त्याला वाटत असेल. हे सगळे एकाच माणसात एकाच वेळी असू शकते आणि त्याला ते तसेच ठेवू द्यावे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण इथे आठवते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थामागून तीर्थे करत, पुराणे सांगत, दानधर्म करत देशभर हिंडले आणि दुष्काळात आई, वडील, बहीण उपासमारीने गेली. देवांनी काही केले नाही, हे रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिले. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या मठातल्या भगिनींच्या आश्रयाने राहिल्या, बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब झाला. पण तिकडच्या मठालाही त्या सहज पचल्या नाहीत. काय मानायचे, कुणाला शिकवायचे, कुणाचा शब्द अखेरचा, यावर सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून मोठा वाद झाला. १८८५ मधल्या पत्रात त्यांनी कळवले की मोठ्या कष्टाने आपल्याकडच्या पुरोहितांच्या जोखडातून मान सोडवून घेतली आहे, आता तसेच दुसरे जोखड घेण्याची तयारी नाही. तिथे त्यांना निवारा होता, मुलीचे भवितव्य मठाच्या हाती होते, तरी लिहिले. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे. रमाबाई नास्तिक झाल्या नाहीत. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी स्वतःच श्रद्धेचे भारावलेले वातावरण उभे केले. तरीही एक धर्म सोडताना जी चिकित्सा कमावली ती दुसऱ्याच्या दारात ठेवून द्यायला त्या वेळी त्यांनी दिलेला नकार आम्हाला फार मोलाचा वाटतो. आपल्या पुण्याच्या इतिहासात हे पत्र आहे आणि आपण त्याची आठवण क्वचितच काढतो.

कायद्याकडून फार आशा ठेवता येणार नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा चमत्काराच्या नावाने फसवणूक आणि अघोरी प्रकार करणाऱ्यांना पकडतो. २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा वाळीत टाकलेल्यांच्या कामी येतो. पण सज्ञान माणसाने आपला निर्णय दुसऱ्यावर सोपवणे हा गुन्हा नाही आणि तो तसा करूही नये. उद्या तोच कायदा कुणाच्याही सदसद्विवेकावर चालून येईल. मुलांची गोष्ट वेगळी. आश्रम, गुरुकुल, मठ, मिशन, मदरसा, नाव काहीही असो, जिथे मुले राहतात तिथे बाहेरच्या माणसाला कधीही आत जाऊन मुलांशी एकट्याने बोलता आले पाहिजे. यात श्रद्धेचा अपमान होतो असे ज्या संस्थेला वाटेल, तिची आधी पाहणी करावी.

बाकीचे काम घरांनी करायचे आहे. कुणी परत आले तर कागदपत्रे, बँकेचे खाते, फोन, झोपायला खोली, डॉक्टर, या गोष्टींची सोय आधी करावी. किती पैसे गेले हे पहिल्या दिवशी विचारू नये. ‘आम्ही तेव्हाच सांगितले होते’ हे वाक्य तर कधीच उच्चारू नये, कारण त्या वाक्याच्या भीतीनेच माणसे आणखी कित्येक वर्षे आत काढतात.

या साप्ताहिकाकडून जे करता येईल ते आम्ही आजपासून करत आहोत. कोणत्याही धर्माचा, पंथाचा, गुरूचा गट सोडून आलेल्या आणि आता मागे वळून श्रद्धेकडे साशंकपणे पाहणाऱ्या व्यक्तींनी आम्हाला लिहावे. त्या आवारांत लहानाच्या मोठ्या झालेल्यांनी तर जरूर लिहावे. मराठी शुद्ध असण्याची गरज नाही, निष्कर्ष काढलेला असण्याचीही नाही. नाव छापायचे की नाही हे लिहिणाऱ्याने ठरवायचे. गटाचे नाव छापण्यापूर्वी त्यांची बाजू आम्ही विचारू. पुढच्या महिन्यापासून या पानांवर त्यासाठी जागा राखून ठेवली आहे.